लाल दोऱ्यापर्यंतची ‘स्वामी’ : रणजित देसाई वाचलेल्या सीमाभागातल्या माणसांसाठी धागा

मलप्रभेकाठची

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले, घरातली जुनी पुस्तकं उन्हाला घालतेय. त्यात आमची ‘स्वामी’ सापडली. कव्हर कधीच गेलंय, वर खाकी कागद चढवलाय आणि त्यावर काकांनी शाईनं नाव घातलंय. शेवटच्या पानांच्या अलीकडे लुगड्याच्या काठातून उसवलेला एक लाल दोरा आहे. तो दोरा बघितला आणि हा धागा काढायचं ठरवलं.

आमचं घर खानापूर तालुक्यातलं. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. कौलांवर एकदा सुरू झाला की दसऱ्यापर्यंत माणूस मोठ्यानंच बोलतं. संध्याकाळी वीज गेली की चुलीपुढं कंदील यायचा. मी वाचायची, आज्जी ऐकायची. मी तेव्हा बारा वर्षांची. आज्जीला अक्षरओळख नव्हती, पण ‘स्वामी’ तिची होती. काकांनी बेळगावहून आणली तेव्हा त्यांनी सगळी वाचून दाखवली होती, अगदी शेवटापर्यंत. त्यानंतर आज्जीनं तो दोरा घातला. पुढं घरात कुणीही वाचायला बसलं तरी दोऱ्यापाशी थांबायचं. बोटानं पानांची जाडी चाचपून तिला कळायचं, आता किती उरलंय. दोरा जवळ आला की म्हणायची, “बस कर गे आता. थेऊर आलं न्हवं?”

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. सोळा वर्षांचा माधवराव, पानिपतात भाऊ आणि काका गमावलेलं घर, पुत्रशोकानं खचून गेलेले नानासाहेब, आणि ते गेल्यावर त्या पोराच्या अंगावर आलेली पेशवाई. आज्जी माधवरावाला कधी पेशवा म्हणाली नाही, ‘पोरगं’ म्हणायची. गोपिकाबाईंना ‘सासू’. रमाबाई बोलायला लागल्या की तिच्याही ओठांची हालचाल व्हायची, पण तिची रमाबाई आमच्यासारखं बोलायची. पुस्तकात “मी येते” असलं तरी आज्जी म्हणणार, “मी येतो.” आमच्या भागात बायका असंच बोलतात. शनिवारवाड्यातली रमाबाई माझ्या कानात अजून तशीच बोलते.

रामशास्त्र्यांचा तो प्रसंग तिला फार आवडायचा. माधवराव स्नानसंध्येत, जपात इतके गुंतले की कारभार खोळंबला, आणि शास्त्रीबुवांनी त्यांना तोंडावर सांगितलं की हेच करायचं असेल तर चला, काशीला जाऊन राहू. राज्य करायचं असेल तर प्रजेचं काम हीच संध्या. ते वाचून झालं की आज्जी चुलीतलं लाकूड पुढं सारायची आणि म्हणायची, “अस्सं सांगणारं माणूस पायजे घरात.”

दोऱ्याच्या पुढची पानं मी पहिल्यांदा वाचली ती बेळगावात कॉलेजला असताना, हॉस्टेलच्या खोलीत, आज्जी गेल्यानंतर. १८ नोव्हेंबर १७७२. थेऊर, चिंतामणीचं देऊळ, सत्तावीस वर्षांचा पेशवा, आणि त्याच्यामागून सती जाणारी रमाबाई. त्या रात्री मला कळलं की आज्जीला शेवट ठाऊक होता म्हणूनच तिनं दोरा घातला होता. तिनं त्या दोघांना दोऱ्याच्या अलीकडे जिवंत ठेवलं होतं.

तुम्ही रणजित देसाई कसे वाचलेत? कुणी वाचून दाखवले? कुठं बसून? मला ते ऐकायचंय. कुठली कादंबरी श्रेष्ठ, ते नंतर बघू.

---

तिलारीच्या वाटेवर

ताई, दोऱ्याचं वाचून बराच वेळ पुढं काही सुचलं नाही.

मी चंदगड तालुक्यातला, म्हणजे कागदावर महाराष्ट्रातला. पण आमचा बाजारहाट, दवाखाना, कापडचोपड सगळं बेळगावातच. १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका अलीकडे राहिला. रणजित देसाईंचं कोवाड याच तालुक्यात, ताम्रपर्णीच्या काठावर. म्हणून सांगतो, देसाई आमचेही आणि तुमचेही. शिनोळीला हद्दीची पाटी लागते, पण पाटीच्या दोन्ही अंगाला भात तेच, काजू तेच, बोलणं तेच.

त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२८ चा. आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला फार जवळची वाटते. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, ८ एप्रिल १९२४. तारीख एकच, चार वर्षांचं अंतर, आणि दोन्ही गावं बेळगावच्या पंचक्रोशीतली म्हणावीत अशी. देसाईंना गाण्याचा नाद होता. गाणारा माणूस त्यांच्या लिखाणात पुन्हापुन्हा येतो. तानसेनावर त्यांनी नाटकच लिहिलं. ‘स्वामी’ मोठ्यानं वाचताना ती कानाला लागते त्याचं कारण मला तिथं दिसतं. त्यांची वाक्यं आखूड. एक माणूस बोलतो, मग थांबणं, मग दुसरा. मध्ये समईचा उजेड, पडद्याची सळसळ. वाचणाऱ्याला श्वास कुठं घ्यायचा ते आपोआप कळतं.

मोठं नाव झाल्यावरही ते गावाकडे पाठ फिरवून गेले नाहीत. ‘स्वामी’ १९६२ ची, तिला १९६४ ला साहित्य अकादमी मिळालं, १९७३ ला पद्मश्री आली. तरी कोवाड सुटलं नाही. आमच्याकडची जुनी माणसं त्यांचा उल्लेख अजून ‘दादा’ म्हणूनच करतात. ज्यांनी फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्यात त्यांनी ‘बारी’ आणि ‘माझा गाव’ जरूर वाचा. ‘बारी’त बेरडांचं जगणं आहे. बारी म्हणजे घाटातली वाट, हा शब्द पुण्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. शनिवारवाडा लिहिणाऱ्या माणसाचे पाय कुठल्या मातीत होते ते या दोन पुस्तकांत दिसतं.

---

निपाणीचा वाचक

माझी गोष्ट ‘श्रीमान योगी’ची.

आई विड्या वळायची. निपाणीत ज्यांनी बालपण काढलंय त्यांना ते चित्र डोळ्यांपुढं उभं राहील. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला जर्दा, एका बाजूला आदल्या रात्री भिजवून ओलसर केलेली पानं. पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर जर्दा, वळण, टोक दुमडणं, दोरा. बोलता बोलता हात चालतात, नजर सुपातून हलत नाही. गल्लीतल्या चारपाच बायका दुपारी आमच्याच सोप्यात बसायच्या. हजाराच्या हिशेबावर मजुरी, त्यामुळं हात थांबला की पैसे थांबले.

मी सातवीत. शाळेतल्या गुरुजींनी मला सुट्टीत वाचायला ‘श्रीमान योगी’ दिली. एवढं जाड पुस्तक मी त्याआधी हातात धरलं नव्हतं. मनात वाचायला लागलो तर आई म्हणाली, “एकटाच काय वाचतोस? आमाला बी ऐकू दे की.” तिथून सुरुवात झाली. अख्खा उन्हाळा मी वाचत होतो आणि त्या बायका विड्या वळत होत्या.

अफझलखानाच्या भेटीला सगळ्या गप्प. पावनखिंडीत एक मावशी उठून बाहेर गेली, पदरानं तोंड पुसून परत आली आणि न बोलता सूप मांडीवर घेतलं. पण आईचा हात मी थांबलेला पाहिला तो एकदाच. आग्र्याहून सुटल्यावर महाराज शंभूबाळांना मथुरेत ठेवून पुढं निघतात, तिथं. नऊ वर्षांचं पोर परक्या घरात ठेवायचं, आणि पाठलाग करणाऱ्यांना चकवायचं म्हणून ते गेलं असंच जगाला सांगायचं. आईच्या हातात अर्धी वळलेली विडी तशीच राहिली. म्हणाली, “त्या पोराला कुणाच्या घरात ठिवलं, ते परत वाच.” मी परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. मोजलेलं सगळं चुकलं म्हणून त्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली. कधी नव्हे ती आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

मी आज मराठी लिहितो, वाचतो, चार माणसांत उभा राहून बोलतो, ते त्या उन्हाळ्यामुळं. शाळेनं अक्षरं दिली. ती अक्षरं मोठ्यानं म्हटली की माणसं रडतात, हे मला त्या सोप्यात कळलं.

---

वडगावचा माग

दादा, अगदी आमच्या घरातलं लिहिलंत. आमच्याकडे सूप नव्हतं, माग होता. मागाच्या खटखटीत वाचून ऐकवणं जमत नसे, म्हणून रविवारी माग बंद असायचा तेव्हा वाचन. वडील वाचायचे.

पण माझं पुस्तक ‘राधेय’. कर्णाची गोष्ट. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची आणि देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. सावंत आजऱ्याचे, देसाई कोवाडचे. शेजारशेजारच्या तालुक्यांतल्या दोन माणसांना काही वर्षांच्या अंतरानं कर्णावरच लिहावंसं वाटलं, याचं मला फार नवल वाटतं. ‘मृत्युंजय’ मोठी, भव्य, सूर्यासारखी तापलेली. ‘राधेय’ आटोपशीर आणि हळवी. वडील म्हणायचे, आपलं घर कुठलं हा प्रश्न ज्याला आयुष्यभर पडलाय त्याला कर्ण लवकर कळतो. त्यापुढं ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

---

जुने इतिहासमास्तर

धागा वाचतोय. मन भरून आलंय. तरी माझं काम म्हणून दोन शब्द लिहितो. कुणी रागावू नये.

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. वर्गातल्या निम्म्या मुलांना माधवराव ‘स्वामी’मुळं ठाऊक असायचे, आणि ते मला फार उपयोगी पडायचं. मात्र दरवर्षी एक तास मी कादंबरी आणि इतिहास यांतला फरक सांगण्यासाठी राखून ठेवत असे. माधवराव आणि रमाबाई यांच्यातलं जे हळुवार बोलणं आपण वाचतो, ते देसाईंचं आहे. कागदपत्रांत रमाबाई फार थोड्या भेटतात. त्या सती गेल्या, थेऊरला त्यांचं वृंदावन आहे, एवढं पक्कं. त्यांचा आवाज लेखकानं घडवला. म्हणून तो खोटा म्हणायचा का? माझं मत, नाही. ज्या बाईबद्दल इतिहास गप्प बसला तिच्यासाठी कादंबरीकारानं जागा केली. फक्त वाचताना आपल्याला हे ठाऊक असावं.

काही गोष्टी मात्र कल्पनेच्या नव्हेत. १७६३ ची राक्षसभुवनची लढाई, निजामाचा पराभव. राघोबादादांशी वर्षानुवर्षं चाललेला झगडा आणि १७६८ ला धोडपला त्यांना पकडून पुण्यात नजरकैदेत ठेवणं. क्षय. ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की पानिपतानं मराठी राज्याचं जेवढं नुकसान केलं त्याहून या पेशव्याच्या अकाली मृत्यूनं केलेलं नुकसान कमी नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश अधिकाऱ्याला हे लिहावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. माधवरावांच्या आयुष्याचा मोठा भाग कर्नाटकच्या स्वाऱ्यांत गेला. हैदरअलीशी झुंज. १७६४ ला धारवाडचा किल्ला घेतला. १७६७ ला मधुगिरी घेतली, तेव्हा हैदरानं कैदेत ठेवलेली बिदनूरची राणी आणि तिचा मुलगा यांना सोडवलं. १७७० च्या स्वारीत प्रकृती इतकी ढासळली की मोहीम त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना माघारी फिरावं लागलं. पुण्याहून तुंगभद्रेकडे जायचं तर वाट आपल्याच मुलखातून. मी मुलांना नकाशावर बोट ठेवायला लावायचो. धारवाडवर बोट आलं की वर्गात कुजबुज सुरू व्हायची, कारण निम्म्यांची मामाची गावं तिकडं.

‘श्रीमान योगी’बद्दल एक आग्रह. बरेच जण प्रस्तावना सोडून थेट कादंबरीकडे वळतात. तसं करू नका. नरहर कुरुंदकरांनी पत्राच्या रूपात लिहिलेली ती दीर्घ प्रस्तावना म्हणजे शिवाजी महाराजांचं चरित्र कसं समजून घ्यावं याचा पाठ आहे. ते देवत्व बाजूला ठेवून माणूस बघायला सांगतात. आणि देसाईंनी ते पत्र स्वतःच्या कादंबरीच्या तोंडाशी छापलं. आपल्या पुस्तकाला आधीच एवढी कठोर मोजपट्टी लावून ठेवायला फार मोठं मन लागतं.

---

येळ्ळूरवेस

मास्तर, रागवायचं कशाला? तुमच्यासारखे शिक्षक होते म्हणून आमच्यासारखे वाचायला लागले.

आमच्या येळ्ळूरला घरातून राजहंसगड दिसतो. ‘श्रीमान योगी’ वाचताना मी प्रत्येक गडाच्या जागी तोच उभा केला. राजगड म्हटलं तरी राजहंसगड, तोरणा म्हटलं तरी राजहंसगड. रायगड प्रत्यक्ष पाहिला तो चाळिशीत, आणि माझं मन तिथंसुद्धा येळ्ळूरच्या पायवाटा शोधत होतं.

नेसरीची खिंड मात्र मनात उभी करावी लागली नाही. ती आपल्याजवळच. कोवाडपासूनही लांब नाही. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि बरोबर सहा स्वार. महाराजांचं बोल लावणारं पत्र मनाला लागलं आणि माणूस सैन्याची वाट न बघता बहलोलखानाच्या फौजेत घुसला. आम्ही मित्र मोटारसायकलवरून गेलो होतो. स्मारकापाशी बसून एकानं ‘श्रीमान योगी’तला तो भाग वाचला. ऊस तोडायला आलेली माणसं रस्त्यावरून जात होती, त्यातले दोघं थांबले, बसले, संपेपर्यंत ऐकलं आणि काही न बोलता कोयते उचलून गेले.

आता जे लिहितो ते जड मनानं. काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका गावातलं वाचनालय बंद पडलं. पुस्तकं पोत्यात भरून रद्दीला निघाली होती. मला कळेपर्यंत दोन पोती गेली होती. तिसरं मी उतरवून घेतलं. त्यात ‘स्वामी’च्या तीन प्रती होत्या, आणि तिन्ही वाचून वाचून झिजलेल्या. बायंडिंग पुन्हा केलेलं, कोपरे मऊ पडलेले, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक. जे पुस्तक सगळ्यात जास्त माणसांच्या हातातून गेलं तेच रद्दीत सगळ्यात आधी जात होतं, कारण ते जुनं दिसत होतं. त्या पोत्यातली पुस्तकं आज माझ्या सोप्यात कपाटात आहेत. कुणीही यावं, न्यावं, वहीत नाव लिहावं. वर्गणी नाही, अनामत नाही.

१९४६ ला बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. ते सांगायलाच हवं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथली ग्रामीण संमेलनं गावकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून चालवली, तेही सांगायला हवं. पण मांडव उतरल्यावर वर्षभर पुस्तक कुणाच्या हातात असतं? माझं सगळं लक्ष आता तिकडं आहे.

---

अथणी रोड

पहिल्यांदाच इथं लिहितेय. माहेर मिरजेकडचं, सासर अथणी भागात. मुलगी अकरा वर्षांची, कन्नड माध्यमात शिकते. मराठी फाडफाड बोलते, घरात आम्ही मराठीच बोलतो, पण देवनागरी वाचायला लागली की अडखळते. शाळेत हिंदी आहे म्हणून अक्षरं येतात, पण मराठी पुस्तक घेतलं की दोन ओळींत कंटाळते. दुकानांच्या पाट्या कन्नड, वह्या कन्नड, मैत्रिणींचं लिहिणं कन्नड. तिची चूक नाही, आणि कन्नड ती फार सुंदर लिहिते, त्याचा मला आनंदच आहे. पण माझ्या आईनं मला दिलेली ‘स्वामी’ माझ्यापाशीच संपणार की काय, या विचारानं झोप लागत नाही.

तुमचं सगळं वाचून वाटतंय की तिच्या हातात पुस्तक देण्यात मी घाई केली. कुठून सुरुवात करू?

---

मलप्रभेकाठची

ताई, तिच्या हातात देऊ नका. तुम्ही वाचा. रोज दहा पानं. झोपायच्या आधी, फोन बाजूला ठेवून. तिला फक्त ऐकू दे.

मी स्वतः किती अडखळत वाचायची ते मला आठवतंय. जोडाक्षर आलं की थांबायची. आज्जी कधी “चुकलं” म्हणाली नाही, कारण काय लिहिलंय ते तिला दिसतच नव्हतं. ती फक्त पुढच्या शब्दाची वाट बघायची. कुणीतरी आपल्या पुढच्या शब्दाची वाट बघतंय, एवढं मुलाला कळलं की ते वाचतं.

---

निपाणीचा वाचक

आणि शब्द अडला तर लगेच अर्थ सांगू नका. हुजऱ्या, मसनद, सदर, चिरागदान. आईला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. चार वेळा कानावर पडला की ती तो बरोबर वापरायची. घरातल्या एकुलत्या एका लोडाला ती पुढं ‘मसनद’ म्हणायला लागली, ती शेवटपर्यंत.

---

जुने इतिहासमास्तर

मुलगी कन्नड शिकते हे तुमच्या हातातलं भांडवल समजा, ताई. मराठीतले कितीतरी शब्द तिला आधीच येत असतील. ‘अडकित्ता’ शब्द आला की तिला विचारा. कन्नडात अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. ती तुम्हालाच समजावून सांगेल.

---

अथणी रोड

सगळ्यांचे आभार. परवापासून सुरू केलं. मास्तर, अडकित्त्याचं मी मुद्दाम विचारलं. ती उठून बसली आणि म्हणाली, “हा तर आमचा शब्द आहे!” मग तिनं आज्ज्याच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आणून उशीजवळ ठेवला. तिथंच आहे.

येळ्ळूरच्या दादांना विनंती, तीन प्रतींतली एक आम्हाला मिळेल का? माझ्या प्रतीतली मधली सोळा पानं सुटी होऊन हरवलीत.

---

येळ्ळूरवेस

मिळेल म्हणजे काय, तुमचीच समजा. पुढच्या आठवड्यात माझा भाचा अथणीकडे येतोय. त्याच्याबरोबर देतो. तिन्हींत जिचं बायंडिंग धड आहे ती काढून ठेवलीय.

---

अथणी रोड

प्रत पोचली दादा. मागच्या चिठ्ठीवरचे शिक्के लेकीनं मोजले, एकाहत्तर. प्रत्येक शिक्क्यामागं एक माणूस असेल का, असं विचारत होती.

तीन आठवड्यांत निम्म्याच्या पुढं आलोय. मध्ये हैदरअली आला आणि अडचण झाली. तिच्या शाळेच्या पुस्तकात हैदर इंग्रजांशी लढणारा शूर माणूस. इथं तो माधवरावांचा शत्रू. म्हणाली, “आई, यातलं खरं कुठलं?” मला नीट सांगता आलं नाही. मास्तर, तुम्ही सांगा.

---

जुने इतिहासमास्तर

तिला सांगा, दोन्ही पुस्तकं खरं बोलतात, फक्त उभी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. हैदर शूर होता, हुशार होता, इंग्रजांना त्यानं हैराण केलं. आणि त्यानं मराठ्यांचा मुलूखही घेतला, तो परत घ्यायला माधवराव चार वेळा इकडे उतरले. एका माणसाच्या गोष्टीत जो नायक, तो शेजारच्या गोष्टीत शत्रू. चौतीस वर्षांत मी जेवढी मुलं शिकवली त्यात हा प्रश्न सगळ्यात लवकर आपल्या सीमेवरच्या मुलांना पडतो. पुण्यातल्या किंवा म्हैसूरच्या मुलाच्या हातात एकच पुस्तक असतं. तिच्या हातात दोन आहेत. तिला म्हणावं, मास्तरांनी शाबासकी दिलीय.

---

तिलारीच्या वाटेवर

ताई, सुट्टीत लेकीला घेऊन कोवाडला या. आमच्या घरी उतरा. नदीकाठ दाखवतो, नेसरीला जाऊन येऊ, परत येताना येळ्ळूरच्या दादांचं कपाट बघू. हे नुसतं म्हणायचं म्हणून लिहीत नाही.

---

अथणी रोड

नक्की येऊ दादा. लेक आत्तापासून दिवस मोजतेय.

मलप्रभेकाठच्या ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्या आज्जीचा दोरा नेमका कुठं आहे? आम्ही शेवटाकडे आलोय. माधवरावांचा खोकला वाढलाय आणि थेऊरला हलवायचं बोलणं सुरू झालंय. लेक आज वाचताना माझ्या कुशीत सरकली.

---

मलप्रभेकाठची

आत्ता उठून बघून आले. दोरा तिथंच आहे. थेऊरला निघायची तयारी होते, त्याच्या आदल्या पानावर. जिथं दोरा होता तिथल्या कागदावर त्याचा पुसट लाल डाग उमटलाय.

थांबायचं की पुढं जायचं हे तिलाच विचारा.

---

अथणी रोड

विचारलं. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ते पान स्वतः वाचलं, हळूहळू, सगळी जोडाक्षरं सोडवत. मग खुणेसाठी वेणीची रिबिन घातली आणि म्हणाली, “उद्या वाचूया. आज नको.”